दाखला आणि सोबत

आमच्या नात्यातील एक गृहस्थ रायपूरच्या बुढापाऱ्यात जन्मले, तेथेच वाढले, आणि डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी घरातली, गल्लीतली, किराणा दुकानातली आणि देवळातली यच्चयावत मंडळी त्यांना ‘बाळ’ याच नावाने हाक मारीत. बुद्धीची वाढ लहानपणीच खुंटलेली. अक्षरओळख नाही, पैशांचा हिशेब नाही. पण गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सायंकाळच्या आरतीला मोठी घंटा वाजविण्याचे काम बाळचे, आणि बाळने दोर हाती घेतल्यावाचून पुजारीबुवा निरांजनाला हात लावीत नसत, हा त्या देवळाचा पंचवीस-तीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता की कोणत्या खात्याने अनुदान मंजूर केले नव्हते. पुढे आई गेली, आणि चार भावांनी, कोणालाही जड होऊ नये म्हणून, वर्षाचे चार भाग केले: तीन महिने रायपूर, तीन भिलाई, तीन बिलासपूर, तीन नागपूर. पाळी बदलायचा दिवस जवळ आला की बाळ आपली कापडी पिशवी स्वत:च भरून उंबऱ्यात बसून राही. घंटा वर्षातून तीन महिने मिळे. उरलेले नऊ महिने त्याला खाणेपिणे होते, औषध होते, माया होती. काम मात्र नव्हते.

रायपुरात अपंग माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काय आहे याचा विचार करायला बसलो की मला प्रथम ते नऊ महिने आठवतात, आणि संस्थांची यादी कितीही लांबली तरी तिचे माप अखेर त्याच मापट्याने घ्यावे असे वाटते.

यादी, खरे पाहता, लहान नाही. हे शहर १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रदेशाचे, पुढे नव्या मध्यप्रदेशाचे आणि २००० सालच्या १ नोव्हेंबरपासून स्वत:च एका राज्याची राजधानी; त्यामुळे ज्या कामासाठी पूर्वी नागपूर, जबलपूर अथवा भोपाळ गाठावे लागे ते काम आता येथेच होऊ शकते. मठपुरैना येथे दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांची शासकीय शाळा आहे. सुंदरनगरात कर्णबधिरांसाठी ‘कोपलवाणी’. अवंतीविहारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘आकांक्षा’, जी लायन्स मंडळींच्या आधाराने उभी राहिली आणि जिने विशेष शिक्षक घडविण्याचेही काम अंगावर घेतले. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची छावणी म्हणून जे माना जुन्या लोकांच्या स्मरणात आहे तेथे आज समाजकल्याण खात्याचे पुनर्वसन केंद्र कृत्रिम अवयव बसवून देते. आणि ‘श्री विनय मित्र मंडळ’ या लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थेने जयपूर पाय गरिबाला विनामूल्य मिळण्याची सोय केली. राजनांदगावला २०१६ साली केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र निघाले. एम्स आहे, ‘मेकाहारा’ या लाडक्या नावाने ओळखले जाणारे आंबेडकर रुग्णालय आहे. मनोरुग्णांसाठी मात्र राज्याचे रुग्णालय सेंदरीला, बिलासपूरच्या पलीकडे. रायपूरच्या घरांना तेथवर हेलपाटे घालावे लागतात.

या यादीत मराठी माणसाने अभिमानाने बोट ठेवावे अशी एक इमारत समता कॉलनीत आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या आणि चौबे कॉलनीत नांदणाऱ्या रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने गणेशोत्सव, नाटके आणि संक्रांतीचे हळदीकुंकू एवढ्यावर समाधान न मानता तेथे दिव्यांग बालिका विकास गृह चालविले आहे. गावाकडच्या गरीब घरांतल्या, पायाने अधू असलेल्या मुलीचे शिक्षण कोठे थांबते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वसतिगृहाचे महत्त्व सांगावे लागत नाही: शाळा तीन कोसांवर, रस्ता कच्चा, सायकल चालविता येत नाही, आणि मुलीच्या जातीला रोज कोण नेणार-आणणार, या चार कारणांनी पाचवीच्या पुढे पाटी कोनाड्यात जाते. शहरात राहायला एक खोली आणि दोन वेळचे जेवण मिळाले की ती चारही कारणे एका फटक्यात निकालात निघतात. परप्रांतात गेलेल्या मराठी मंडळांविषयी, ती आपल्यापुरती वरणभात आणि नाट्यगीते जपतात, असा एक टोमणा नेहमी ऐकू येतो. निदान रायपूरच्या बाबतीत तो अन्यायाचा आहे.

आता आकड्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, पैकी छत्तीसगढात सुमारे सव्वासहा लाख. हे आकडे जुने आहेत एवढेच नव्हे, तर ते जुन्या व्याख्येचे आहेत. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ चा कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस मानतो. म्हणजे मोजणी सातांच्या जमान्यातली आणि हक्क एकविसांचे, असा प्रकार आहे. ज्याला ही तफावत क्षुल्लक वाटत असेल त्याने सिकलसेलचे उदाहरण घ्यावे.

हा रक्तविकार मध्यभारताच्या पाचवीलाच पुजलेला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी त्यावर विलायतेच्या ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले तेव्हापासून मध्यभारतातले त्याचे अस्तित्व वैद्यकाला ठाऊक आहे; येथील साहू, कुर्मी, गोंड घरांत, आणि विदर्भाकडील कित्येक समाजांत, हाडे फोडणाऱ्या वेदनेने लहान मूल रात्रभर का कण्हते हे आजीला नाव न घेता माहीत असते. रायपुरात या रोगासाठी स्वतंत्र संस्थान आहे. २०२३ च्या जुलैत शेजारच्या शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही सुरू झाली. २०१६ च्या कायद्याने हा विकार अपंगत्वाच्या यादीत घातला, तेव्हा या प्रदेशातील हजारो घरांना न्याय मिळाल्यासारखे वाटले असेल. परंतु त्याच कायद्याचे चौतिसावे कलम, जे सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवते, ते वाचीत गेले म्हणजे असे आढळते की अंध आहेत, बधिर आहेत, अस्थिव्यंग आहेत, कुष्ठमुक्त आहेत, स्वमग्न आणि मनोरुग्णही आहेत. रक्तविकार मात्र तेथे नाहीत. सिकलसेलचा मुलगा अपंग खरा, पण नोकरीच्या दारात तो अपंग नव्हे. घराच्या यादीत नाव घालून पंगतीत पान न मांडण्यासारखाच हा प्रकार झाला.

कायद्याचे एवढे पुरे. सामान्य कुटुंबाची कायद्याशी गाठ पडते ती कलमांत नव्हे, खिडकीवर. एका नातलगासाठी एका रुग्णालयात अपंगत्वाच्या दाखल्याच्या दिवशी मी सकाळचे साडेआठ ते दुपारचे तीन असा बसलो होतो. वैद्यकीय मंडळ आठवड्यातील ठरलेल्या दिवशी भरे, बाके दोन, बाकीचे लोक भिंतीला टेकून जमिनीवर. एक बाई पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लुगड्याच्या झोळीत पाठीशी बांधून आली होती. मेंदूच्या पक्षाघाताने त्याचे हात छातीशी मुडपलेले, मान एका खांद्यावर कलंडलेली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ ती दर मिनिटाला पदराने टिपीत होती. तिची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने यंत्र पुढे सरकविले आणि मुलाच्या बोटांचे ठसे मागितले. मूठ उघडेना. त्याने दुसरा हात मागितला, तोही उघडेना. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पाण्याने बोटे पुसून पाहिली, स्वत: उठून बाहेर आला, आणि शेवटी म्हणाला की आधारची नोंद आधी दुरुस्त करून आणावी लागेल, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बाईने छत्तीसगढीत दिलेले उत्तर मराठीत असे होते: “याची मूठ उघडली असती, तर दाखला मागायला मी आले असते का?” रांगेत कोणी हसले नाही. ती पुन्हा झोळी बांधून निघाली. मागच्या वेळी ई-रिक्षाचे दोनशे गेले होते, आता पुन्हा दोनशे.

हा दाखला हाती आला की त्यावर काय मिळते? ऐंशी टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे घर असल्यास इंदिरा गांधींच्या नावाची राष्ट्रीय निवृत्ति-वेतन योजना. तीत केंद्राचा हिस्सा ३०० रुपये, जो २०१२ पासून तसूभर हललेला नाही. २०२३ साली छत्तीसगढाने सामाजिक सुरक्षेचे वेतन साडेतीनशेवरून पाचशेवर नेले. त्याच वर्षी महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान हजारावरून दीड हजारावर नेले. दोन्हीकडे जाहिराती झाल्या. अपंग व्यक्तीशी विवाह झाल्यास पन्नास हजार, दोघेही अपंग असल्यास लाख रुपये, अशी छत्तीसगढ सरकारची प्रोत्साहन योजना आहे. ‘सामर्थ्य विकास’ नावाने साधने मिळतात. ‘निरामय’ विम्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळू शकतो. आणि ही एक गोष्ट, माझ्या मते, सर्वांत उपयोगी असून सर्वांत कमी लोकांच्या कानी गेलेली आहे.

आणि शिबिरे! मंडपात रांगेने उभ्या केलेल्या तीनचाकी सायकली, हार, छायाचित्रकार, एका हाताने चावी देणारे व दुसऱ्याने नमस्कार करणारे पाहुणे. हे दृश्य या देशात कोणी पाहिले नाही? साधने देऊ नयेत असे म्हणणारा मी नाही. जयपूर पायाने माणूस शेतात पुन्हा उभा राहतो. परंतु वाटप हा एका दिवसाचा सोहळा आहे आणि अपंगत्व ही हयातीची सोबत आहे. सायकलीची साखळी सहा महिन्यांनी तुटते, श्रवणयंत्राचा सेल संपतो, वाढत्या मुलाला कॅलिपर आखूड होतो, आणि तेव्हा मंडप उठलेला असतो. किती वाटली, हे वार्षिक अहवालात छापून येते. किती अजून वापरात आहेत, हा रकाना मी कोणत्याही अहवालात पाहिलेला नाही. पैशांच्या हिशेबाचे तर विचारूच नये: २००४ साली अपंगांसाठी म्हणून निघालेल्या राज्य स्रोत संस्थानातील कथित अपहाराचे प्रकरण इतके चिघळले की २०२० च्या जानेवारीत बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपविण्याचा हुकूम केला आणि कज्जा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आपण एवढेच लक्षात ठेवावे की या क्षेत्रात पैसा मुळीच नव्हता असे नाही.

मूल लहान असताना, तुलनेने, व्यवस्था बरी आहे. छत्तीसगढाने २००२ साली गावोगाव ‘मितानिन’ या आरोग्यसेविका नेमल्या, आणि देशातील ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पना बहुतांशी त्यांच्यावरूनच घेतली गेली. या शब्दामागे एक सुंदर लोकाचार आहे: छत्तीसगढात दोन माणसे देवासमक्ष ‘मितान’ बदतात, आणि ते नाते सख्ख्या नात्याइतके, प्रसंगी त्याहून अधिक, मानले जाते. अशा नावाची बाई दारी येते तेव्हा मूल अजून मान धरीत नाही, हाकेला वळून पाहत नाही, हे आई तिला सांगते; सासूला सांगत नाही. पुढे ‘चिरायु’ पथके अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करतात. गावाला मात्र आपले जुने शब्द पुरतात: खोरवा, भैरा, कोंदा, अंधरा. दप्तराने विकलांग म्हटले, मग निःशक्त म्हटले, २०१५ नंतर दिव्यांग म्हटले. विहिरीवर हाक तीच राहिली. शब्द बदलल्याने माणूस बदलतो यावर माझा फारसा विश्वास नाही, पण पाट्या रंगविणाऱ्यांना तीनदा काम मिळाले हे खरे.

खरी दरी अठराव्या वर्षी सुरू होते. विशेष शाळेचा अखेरचा दिवस होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मुलगा गणवेश घालून व्हरांड्यात बसतो. बस येत नाही. तो दुसऱ्या दिवशीही बसतो, तिसऱ्याही. आई समजाविते, तो डबा मागतो. ही गोष्ट मला एका घरात नव्हे, तीन घरांत ऐकायला मिळाली, आणि तिन्ही घरांत सांगणारी आईच होती, कारण वडील त्या वेळी कामावर गेलेले होते. या दिवसापासून ती आई म्हणजेच एक संस्था होते: वसतिगृह तीच, परिचारिका तीच, शिक्षक तीच, पहारेकरी तीच, फक्त तिला सुटी नाही, बदली नाही आणि तिच्या जागी दुसऱ्या कोणाची नेमणूक नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस जायचे तर मुलाला कोठे ठेवावे, एवढ्या साध्या प्रश्नाला शहर उत्तर देऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाने ‘विकास’ ही दिवसभराच्या केंद्राची, ‘समर्थ’ ही थोड्या मुदतीच्या निवासाची आणि ‘घरौंदा’ ही आजन्म आश्रयाची योजना कागदावर उत्तम रेखली आहे. पण चाळीस-पन्नास मैलांच्या टापूत एखादे केंद्र असणे आणि ते आपल्या वॉर्डात असणे यांत, ज्याला पाठुंगळीला घेऊनच न्यावे लागते अशा मुलाच्या आईला, जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते अपवाद कोणत्या जातीचे आहेत हे पाहण्यासारखे आहे. रायपुरात २०१३ साली प्रियंक पटेल या तरुण अभियंत्याने ‘नुक्कड’ नावाचे चहाघर काढले, जेथे वाढपी कर्णबधिर आहेत. गिऱ्हाइकाने बोटाने दाखवावे, कागदावर लिहावे, किंवा दोन खुणा शिकून घ्याव्यात. तेथे अडखळते ते बोलणारे गिऱ्हाईक, वाढपी नव्हे. दया दाखविण्याची सोयच नाही, कारण चहाचे पैसे द्यावे लागतात. आणि याच प्रांतात, मैलांनी दूर पण वृत्तीने जवळ, चांपानजीकचे सोठी. स्वत: कुष्ठरोगाने ग्रासलेल्या सदाशिव गोविंद कात्रे या मराठी गृहस्थाने १९६२ साली तेथे भारतीय कुष्ठ निवारक संघ काढला, अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले आणि २०१९ च्या ऑगस्टात देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले, देहही बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिलेला. २०१८ ची पद्मश्री त्यांना मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या त्यागाचे गोडवे गाइले. मला त्यागापेक्षा एक अधिक रूक्ष गोष्ट महत्त्वाची वाटते: सोठीत रुग्णाला भाकरी मिळाली तशी शेती आणि उद्योगही मिळाला, म्हणजे सकाळी उठून जायला एक जागा मिळाली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग देशातून हटल्याचे २००५ साली जाहीर झाल्यावरही छत्तीसगढ निर्मूलनाच्या निकषाच्या वरच राहिला. तेव्हा ती जागा अजून लागतेच आहे.

चहाघर, वसतिगृह, कुष्ठाश्रम, आणि आमच्या गल्लीतली घंटा: चारांनाही एकच गोष्ट साधली, ती म्हणजे रोज. तीच आमच्या बहुतेक कार्यक्रमांना साधत नाही. म्हणून रायपूरच्या मराठी वाचकांपुढे एक लहानशी सूचना मांडतो, जिला ना इमारत लागते ना मंजुरी. चौबे कॉलनीत मंडळाची जागा आहे, महिलांची केंद्रे वस्त्यावस्त्यांतून आहेत, निवृत्त शिक्षिकांची तर या शहरात वाण नाही. आठवड्यातली एक ठरलेली दुपार, दोन ते पाच, अठरा वर्षांवरील आठ-दहा मुलामुलींसाठी उघडी ठेवावी. कॅरम असावा, पेटी असावी, शेंगा सोलायला द्याव्यात, पानसुपारीची तबके लावायला द्यावीत. त्या तीन तासांत त्यांच्या आयांनी बँकेत जावे, दातांच्या डॉक्टरांकडे जावे, किंवा नुसते झोपावे. पहिल्या महिन्यात दोनच घरे येतील. तरीही दुपार बंद ठेवू नये.

दुसरी गोष्ट विनंतीवजा आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, वर ‘निरामय’च्या संदर्भात सांगितलेल्या चार प्रकारांतील व्यक्ती अठरा वर्षांची झाली की तिच्या कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो ज्या स्थानिक समितीपुढे जातो तीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमणूक झालेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मिळकतीची यादी समितीकडे द्यावी लागते, आणि पुढे दर वर्षी हिशेब. म्हणजे आईवडिलांच्या पश्चात माणूस कोणाकडे राहील आणि त्याच्या वाट्याची मिळकत कोण सांभाळील, हे भावाभावांच्या सोयीवर न ठेवता आईवडिलांच्या हयातीतच ठरविता येते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी हा अर्ज पुढच्या वर्षावर टाकू नये. आमच्या बाळच्या बाबतीत तो कोणीच केला नाही. तो गेला तेव्हा पाळी भिलाईची होती, आणि पिशवी भरलेली होती.